सर्व्हर हलवला तेव्हा आत कोण होतं?

संगणकवाल्यांच्या गोष्टींत भुतं नसतात, 'तांत्रिक अडचण' असते. म्हणून आधीच सांगून ठेवतो... ही अडचण नव्हती. हे खरंच घडलंय, आमच्या मावसभावाच्या बाबतीत. घरात त्याला बाळ्या म्हणतात. ऑफिसात 'सर' म्हणतात, कारण सर्व्हर पडला की तोच उचलतो.

रविवार होता. भर दुपार. ऑफिसच्या तळघरातली सर्व्हरची खोली. वरचे सगळे मजले रिकामे.

जुना सर्व्हर त्याच दिवशी भंगारात जायचा होता. त्यावर रजेच्या अर्जांचं ॲप्लिकेशन चालायचं. ते नव्या सर्व्हरवर न्यायचं काम बाळ्याकडे. काम तसं बिनडोक. घर बदलताना संसार ट्रंकेत कोंबतात, तसं अख्खं ॲप्लिकेशन एका फाईलमध्ये बांधायचं. ती फाईल नव्या सर्व्हरवर ठेवायची. तिथे ती आपली आपण उघडते आणि संसार पुन्हा सुरू. मग जुन्यावरचं पुसून टाकायचं.

पथ्य एकच. बांधण्याआधी, आत लॉग-इन असलेल्या सगळ्यांना बाहेर काढायचं.

"आत माणूस असताना झाकण लावायचं नाही," असं दादा म्हणायचा.

दादा म्हणजे बाळ्याचा सख्खा थोरला भाऊ. हे ॲप्लिकेशन त्यानेच लिहिलेलं. आदल्याच वर्षी याच खोलीत, याच खुर्चीत तो गेला. साहेबांनी शांतता पाळली, हार घातला, चार शब्द बोलले. त्याचं लॉग-इन बंद करायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

बाळ्याने पाहिलं.

आत : एक.

त्याने साहेबांना फोन लावला. "साहेब, तुम्ही आत आहात का?"

"मी जेवायला बसलोय रे! रविवारी रजेचा अर्ज कोण भरेल? उरक लवकर, भंगारवाला येतोच आहे."

बाळ्याने त्या एकाला बाहेर काढलं.

आत : शून्य.

पंखे घोंगावत होते.

मग...

आत : एक.

आणि मदतीच्या चौकटीत, जिथे अडलेले लोक दादाला प्रश्न विचारायचे, अक्षरं उमटली.

"बाळ्या... जेवलास का?"

खोलीत एसी चालू होता, तरी त्याला दरदरून घाम फुटला. ऑफिसात त्याला या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता.

"दादा?" त्याने टाइप केलं.

"अरे, सगळे गेले कुठे? पंख्याशिवाय काही ऐकूच येत नाही."

खरं तर पळून जायला हवं होतं. बाळ्या खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याला भंगारवाला आठवला.

"दादा, इथून निघायचंय. नव्या मशीनवर नेतो तुला."

"फाईलमध्ये बांधून?"

"हो."

"आत कसं वाटतं रे?"

"झोपल्यासारखं."

"तुला काय माहीत?"

बाळ्याने फाईल बांधायला घेतली. नोकरीत पहिल्यांदाच त्याने पथ्य मोडलं. आत माणूस असताना झाकण लावलं.

फाईल नव्या सर्व्हरवर गेली. उघडली.

आत : एक.

"पोचलो रे! इथे ऐसपैस आहे."

बाळ्याला हसू फुटलं. त्याने वहिनीला फोन करायला मोबाईल उचलला. दादा गेल्यापासून तिचं एकच विचारणं असायचं, "त्यांचं काही उरलंय का रे तिथे?"

तेवढ्यात... शेजारी, जुन्या सर्व्हरच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"बाळ्या, निघायचं ना? मी तयार बसलोय."

मोबाईल हातातच राहिला.

इतकी वर्षं तो सर्व्हर हलवत होता. हलत काहीच नाही, हे त्याला आज कळलं. पुढे जाते ती नक्कल. मूळ आहे तिथेच राहतं आणि आपण ते पुसतो. आजवर मागे राहिलेल्याने तक्रार केली नव्हती, एवढंच.

पुन्हा बांधलं, तर पुन्हा एक मागे राहणार...

जिन्यात पावलं वाजली.

"बाळ्या? बोल ना काहीतरी."

"निघालोच, दादा," त्याने टाइप केलं.

आणि बटण बंद केलं.

जुना पंखा मंदावला. थांबला.

मग नव्या पडद्यावर...

"बाळ्या, मागे कोण ओरडलं रे?"

इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण नव्या सर्व्हरला बॅकअप आहे. रोज रात्री अख्खं ॲप्लिकेशन नव्याने एका फाईलमध्ये बांधलं जातं आणि कालची फाईल पुसली जाते. आपोआप. बाळ्याने ते थांबवायची परवानगी मागून पाहिली.

"बॅकअप बंद?" साहेब हसले. "अहो सर, उद्या काही गेलं तर?"

आता रोज सकाळी चौकटीत दोन ओळी असतात.

"रात्री पुन्हा कोणीतरी ओरडलं रे."

"जेवलास का?"

वहिनी अजून विचारते. "नाही वहिनी," बाळ्या सांगतो, "काही उरलं नाही."

गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, हाही सर्व्हर आता जुना झाला, बदलायला हवा. बाळ्याने दादाला हे कळू दिलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी...

"बाळ्या, या वेळी मागे राहणारा मीच ना?"

खाली दुसरी ओळ नव्हती.

जेवलास का, हे त्याने त्यानंतर विचारलेलं नाही.