पांढऱ्या भिंतीचं बिंग

"कुलूप? आपल्या बोअरला?" जेम्माने सायकल आडवी टाकली आणि ती पंपाच्या खोलीकडे धावली.

खरंच कुलूप होतं. ऐन जानेवारीत, ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या भर उन्हाळ्यात, भाजून काढणाऱ्या उन्हात! मळा सगळ्या गल्लीचा, पण त्यातले टोमॅटो डारिओच्या नोनोंचे, म्हणजे आजोबांचे. महिनाअखेरीस सगळं खानदान जमून त्यांचा वर्षभराचा सॉस करणार होतं. आता रोपांनी माना टाकल्या होत्या.

हे काम नगरपालिकेच्या बागप्रमुखांचं, मिस्टर हॅलमचं. मळेवाले पाणी उधळतात म्हणून जमिनीतलं पाणी खाली गेलं, असं त्यांनी नोनोंना सगळ्यांदेखत सुनावलं होतं. शेजारची आमची नमुना-बाग बघा, नुसत्या पावसाच्या टाकीवर जगते, बक्षीसही मिळवते; जमत नसेल तर मळा बंद करा! शनिवारच्या सभेत तसा निर्णयच व्हायचा होता. नोनो मान खाली घालून घरी आले, तेव्हा डारिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चला, बघूच ती बाग," तो म्हणाला. मामेबहीण जेम्मा आणि शेजारची लिन्ह निघाल्याच.

बाग देखणी होती, हे कबूल करायलाच हवं. बँक्सियाची झुडपं, कांगारूपंजाची लाल फुलं, सगळी इथल्याच मातीतली, कमी पाण्यात भागवणारी. जेम्मा फणकाऱ्याने बुटक्या भिंतीला टेकली आणि तिची पाठ पांढरी झाली.

"परत रंगवली?" लिन्ह म्हणाली. "नाताळच्या आधीच तर रंगवली होती. यांना दुसरं काम नाही का?"

डारिओ झुडपांमागे वाकला. तिथे ब्रश पोचला नव्हता. भिंतीवर तांबडे फराटे होते. इथल्या बोअरच्या पाण्यात लोह असतं. ते रोज उडालं की भिंत गंजल्यासारखी दिसते. गल्लीतलं कुठलंही कुंपण त्याला साक्ष होतं.

"पावसाची टाकी म्हणे!" जेम्मा ओरडलीच. "लबाड कुठले!"

"हळू बोल," लिन्ह म्हणाली. "आत्ता सांगितलं तर म्हणतील, जुने डाग आहेत. नवे डाग दाखवायला हवेत."

जेम्माच्या न्हाणीघराच्या कोऱ्या पांढऱ्या फरश्या उरल्या होत्या. त्यांनी त्या झुडपांमध्ये उभ्या लपवल्या. मग आठवडाभर तिघं अंघोळीचं पाणी बादल्यांनी मळ्यात नेत राहिली. मिस्टर हॅलम एकदा गाडीतून हसून म्हणाले, "शाब्बास, आता कळली ना पाण्याची किंमत?" जेम्माने दात आवळले, म्हणून बादली हातातच राहिली.

शनिवारी मळ्यातच भरलेल्या सभेत मिस्टर हॅलमचं पाणी-बचतीवरचं भाषण रंगात आलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तेवढ्यात डारिओने फरश्या टेबलावर मांडल्या. चांगल्याच तांबडलेल्या.

"आठवडाभर तुमच्या बागेत होत्या," तो म्हणाला. "पावसाचं पाणी तांबडं कधीपासून झालं?"

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येकाच्या घरी तसली भिंत होती. सभेत गदारोळ माजला, आणि मिस्टर हॅलमना कबूल करावंच लागलं. इथली झाडं मे महिन्यात, पहिल्या पावसाबरोबर लावायची, हे पोरासोरांनाही ठाऊक. यांनी बक्षिसासाठी घाईने नोव्हेंबरात लावली! मुळं धरायच्या आत उन्हाळा आला. मग रोज पहाटे लपवलेल्या बोअरचे फवारे, आणि खाली गेलेल्या पाण्याचं खापर नोनोंच्या माथी!

नगराध्यक्षांनी तिथल्या तिथे कुलूप काढायला लावलं. मे महिन्यात बाग गल्लीनेच नव्याने लावावी आणि त्यातली रोपं घरोघर न्यावीत, असंही ठरलं. मग नगराध्यक्षबाई मुलांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्यासारखी मुलं या गावात आहेत, याचा मला अभिमान वाटतो."

"आमचं कौतुक राहू द्या," डारिओ म्हणाला. "हे नोनोंना सगळ्यांदेखत बोलले. माफीही सगळ्यांदेखत मागू देत."

मिस्टर हॅलम उठले. नोनोंसमोर येऊन काहीतरी पुटपुटू लागले.

"ते असू दे," नोनो म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली झारी उचलून त्यांच्या हातात दिली. "रोपं तहानलीत. त्या टोकापासून सुरू कर. आणि बुडाशी घाल, पानांवर नको."

शेवटचं रोप भिजेपर्यंत अख्खी गल्ली मळ्याच्या कडेने उभी होती.