बेटावरचं अज्ञात शस्त्र

संकटाची चाहूल अनुभवी माणसाला आधीच लागते. त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या भाऊजींच्या डाव्या डोळ्याला एकाएकी धार लागली, आणि आज काहीतरी भयंकर घडणार हे त्यांनी ओळखलं.

"सनस्क्रीन डोळ्यात गेलंय," वहिनी म्हणाल्या. "चोळू नका."

वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. हरवलेली माणसं, दडवलेली मृत्युपत्रं आणि वाजवीपेक्षा गोड बोलणारे होणारे जावई यांची तिथे चौकशी होत असे. भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर. सोमवार ते शुक्रवार विमा कंपनीत, शनिवार-रविवार वहिनींचे सहायक. ही नेमणूक त्यांनी स्वतःच केली होती. वहिनींनी ती मंजूर केली नव्हती, पण फेटाळलीही नव्हती.

आजची सहल ही भाऊजींनी वहिनींना पन्नाशीनिमित्त दिलेली भेट होती. पॅडलबोर्ड म्हणजे हवा भरलेली लांब फळी. तिच्यावर उभं राहायचं, हातात एक उंच वल्हं धरायचं आणि समोरच्या छोट्या बेटावरचं जुनं दीपगृह पाहून यायचं. 'नवशिक्यांनाही सहज जमेल,' असं जाहिरातीत लिहिलं होतं. भाऊजींना मात्र सहलीच्या गाडीत बसणंसुद्धा जमलं नव्हतं. "मागची सीट टोचते," अशी तक्रार त्यांनी वाटेत चार वेळा केली होती.

सहल नेणारी मुलगी पंचविशीतली. सगळे तिला कप्तान म्हणत.

"वल्हं दोन्ही बाजूंनी मारायचं," कप्तान सांगत होती. "एकाच बाजूने माराल तर गोल फिराल. आणि बोर्ड वाळूवरून ओढू नका. खाली फिन असते, तिच्यामुळे तो सरळ जातो. ती मोडली की संपलं."

भाऊजी तेव्हा टॉवेलने डोळा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"मला केशरी नको. निळा मिळेल का? केशरी मला खुलत नाही."

सहाही केशरी बोर्ड तयार होते. कप्तानने घड्याळ पाहिलं, वारा पाहिला, घडी घातलेला निळा बोर्ड गाडीतून ओढून काढला आणि भराभर पंप मारला. पंपाचा दांडा खिळखिळा होता. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी तो न बोलता हातात घेतला, गळ्यात अडकवलेल्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने दोन पिळे दिले आणि परत केला. हे मिस्त्री. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

सहलीत आणखी दोघं होती. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणत. आणि एक दंतवैद्य बाई, ज्या प्रत्येकाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत.

समुद्र तळ्यासारखा शांत होता. सर वाक्याच्या मध्येच पाण्यात पडले आणि वर आल्यावर वाक्य पूर्ण केलं. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या त्या बसल्याच. मिस्त्री स्टुलावर उभं राहावं तसे उभे राहिले. वहिनी दोनदा पडल्या, दोन्ही वेळा खळखळून हसल्या.

भाऊजी पडले नाहीत. ते गोल फिरले.

"डावीकडे तीन, उजवीकडे तीन," ते मोठ्याने मोजत होते. बोर्ड डावीकडे वळे. "उजवीकडे तीन, डावीकडे तीन." बोर्ड उजवीकडे वळे.

"भाऊजी, बेट इकडे आहे!" वहिनी ओरडल्या.

"मी सगळ्या बाजूंनी पाहणी करतोय!"

बेटाच्या पायऱ्यांशी पोहोचल्यावर सगळ्यांनी कप्तानच्या सांगण्यानुसार बोर्ड पाण्याबाहेर काढून पालथे घातले. वरती दीपगृह, त्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं संग्रहालय, आणि दारात राखणदार काका. सत्तरीचे, कडक इस्त्रीचे.

"परवान्याचा कागद आणलायस ना, पोरी?" काकांनी विचारलं. "जाताना सही करून देतो. पण शिस्तीत!"

कप्तानने मान डोलावून कागद त्यांच्या हाती दिला. त्या सहीवर पुढच्या वर्षभराचं तिचं बेटावर उतरणं अवलंबून होतं. "काकांची सही नसेल," ती वहिनींना हळूच म्हणाली, "तर माझ्याकडे सात बोर्ड आणि नुसतं पाणी."

"तू येत नाहीस आत?"

"दोन वर्षांत एकदाही नाही गेले. बोर्डांपाशी कुणीतरी थांबावं लागतं."

मिस्त्रीही पायरीवरच बसले. "जुन्या वस्तू मी बघत नाही," ते म्हणाले. "बघितल्या की हात शिवशिवतात."

संग्रहालयात नकाशे होते, कंदील होते, आणि मधोमध काचेच्या पेटीत मखमलीवर ती वस्तू होती. काळीकुळकुळीत, वीतभर, एका कडेला बाकदार आणि धारदार, बुडाशी जाड, तिथे एक बारीक भोक. खाली पाटी: 'अज्ञात शस्त्र. काळ: सुमारे चारशे वर्षांपूर्वी.'

"दोन वर्षांपूर्वी खाली खडकात मला सापडलं," काका छाती फुगवून म्हणाले. "ना गंज, ना झीज! मी त्यावर सोळा पानी पुस्तिका लिहिलीय."

"चारशे वर्षं? चाळीससुद्धा नसतील," सर पुटपुटले.

"मला तर हा दात वाटतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्या दवाखान्यात काय शोभेल!"

दोघांकडेही काकांनी सारख्याच नजरेने पाहिलं.

मग अंगणात थर्मासमधला चहा झाला. काकांचा तो काचा धुण्याचा दिवस होता. त्यांनी पेट्यांमधल्या वस्तू काढून पायऱ्यांलगतच्या बुटक्या भिंतीवर फडकं अंथरून मांडल्या आणि ते बादली घेऊन आत गेले. वहिनी आणि भाऊजी दीपगृहाच्या ब्याण्णव पायऱ्या चढून आले. त्यानंतर सगळ्यांनी बोर्डांवरून बेटाला एक फेरी मारली.

आणि या फेरीत भाऊजी बाणासारखे सुटले. डावीकडे तीन, उजवीकडे तीन, पट्टीने आखल्यासारखे सरळ.

"जमलं, वहिनी! मूळचंच अंगात असावं लागतं!"

परत येऊन त्यांनी बोर्ड पायऱ्यांशी पाण्यातच बांधले. तेवढ्यात वरून आरोळी आली.

"चोरी! माझं शस्त्र गेलं! कुणीही बेट सोडायचं नाही!"

काका तरातरा खाली आले. परवान्याचा कागद त्यांनी कप्तानच्या हातात परत ठेवला. "तुझ्या माणसांनी नेलं. ते मिळाल्याशिवाय सही नाही. पुढच्या वर्षीही नाही."

कप्तानचा चेहरा उतरला. तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी ओले केस पिळले.

"काका, अर्धा तास द्या."

झडती आधी झाली. ती दोन मिनिटांत संपली, कारण कुणालाच खिसे नव्हते. पोहण्याचे तंग कपडे, वर लाइफ जॅकेट. पाण्यापासून वाचणाऱ्या पिशवीत फोन आणि चाव्या. बोर्डांवरही काही नाही. दोर सोडले तर सहा बोर्ड पाण्यावर रिकामे डुलत होते.

"समुद्रात टाकलं असेल," भाऊजी म्हणाले. "माझा संशय सरांवर. अपमानित विद्वान फार घातक असतो."

वहिनींनी सरांना विचारलं.

"चहाच्या वेळी मी अंगणातल्या विहिरीपाशी होतो," सर म्हणाले. "ती वस्तू खोटी आहे हे मला सिद्ध करायचंय. पण त्यासाठी ती हवी ना! चोरली तर मी वाद कशावर घालू?"

हे पटण्यासारखं होतं. डॉक्टरीणबाई मात्र चिडल्या.

"मी भिंतीवरच्या वस्तूंचे फोटो काढले. हे बघा, तेव्हा होती. आणि हो, मला आवडली म्हणून काय उचलेन? मी दात काढते, पण माणसाची परवानगी घेऊन!"

फोटोत शस्त्र होतं. मागे पायऱ्या, पालथे बोर्ड आणि कोपऱ्यात मिस्त्रींची पाठ.

"कप्तान, तू कुठे होतीस?"

"बाटल्या भरायला नळावर. मिस्त्री म्हणाले, मी बसलोय, जा तू."

"पहिल्यांदा या बेटावर कधी आलीस?"

"दोन वर्षांपूर्वी, एकटीच, सरावाला. पहिल्याच दिवशी खडकावर आपटून बोर्डाची वाट लावली होती. का हो?"

"सहज. आज बोर्ड कधी तयार केलेस?"

"केशरी सगळे काल संध्याकाळीच, व्यवस्थित. निळा सकाळी, घाईत."

मिस्त्री अजून पायरीवरच होते.

"मिस्त्री, चारशे वर्षांपूर्वीचं शस्त्र पाहिलंत?"

"नाही बुवा."

"मग इतका वेळ इथे काय केलंत?"

"काही नाही. दाराची बिजागरी करकरत होती, ती बसवली. बादलीची कडी बसवली. असंच, इकडचं तिकडचं."

वहिनी हसल्या. मग भाऊजींकडे वळल्या. त्यांच्या नजरेत अशी करुणा होती की भाऊजी चपापले.

"भाऊजी, येताना किती गोल फिरलात?"

"मोजले नाहीत."

"आणि फेरी मारताना?"

"एकदाही नाही! सांगितलं ना, जमलं मला."

"सगळ्यांना पायऱ्यांवर बोलवा," वहिनी म्हणाल्या.

सगळे जमले. काका सर्वांत वरच्या पायरीवर, न्यायाधीशासारखे.

"चोरी झालेली नाही," वहिनींनी सुरुवात केली. "आणि चोरीचा माल भाऊजींपाशी आहे."

"वहिनी!"

"येताना भाऊजी गोल फिरत होते. एका बाजूने वल्हं मारलं तर तसं होतं. पण ते दोन्हीकडे तीन-तीन मारत होते, सगळ्या समुद्राला ऐकू जाईल असं मोजत. मग चूक त्यांची नव्हती."

"मी तेच म्हणतोय!" भाऊजी म्हणाले.

"चूक बोर्डाची होती. कप्तानने सकाळी सांगितलं, खालच्या फिनमुळे तो सरळ जातो. केशरी बोर्डांना फिन काल लागली. निळा तुमच्या हट्टापायी घाईत फुगवला. त्याला ती लावायचीच राहिली."

कप्तानने कपाळावर हात मारला.

"फेरीत मात्र तोच बोर्ड, तोच माणूस, सरळ रेषेत. अर्ध्या तासात भाऊजी सुधारले, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवावरून मानायला तयार नाही. म्हणजे बोर्ड सुधारला. कुणी सुधारला? पंपाचा दांडा, बिजागरी, बादलीची कडी, हे ज्यांनी कुणी न सांगता सुधारलं त्यांनीच. पाहुण्यांपैकी हे एकटेच संग्रहालयात गेले नाहीत. शस्त्र त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी भिंतीवर पडलेली फिन पाहिली."

मिस्त्री आधी गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला. "ती होय! बोर्ड पालथा, खाच रिकामी, आणि शेजारी भिंतीवर ती. म्हटलं, पोरगी विसरली. खटकन बसली."

वहिनींनी खाली वाकून निळा बोर्ड उलटा केला. त्याच्या पोटावर ती होती. काळीकुळकुळीत, वीतभर, बाकदार.

"माझं शस्त्र!" काका ओरडले.

"माझी फिन!" कप्तान ओरडली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पहिल्या दिवशी खडकावर आपटले ना," कप्तान चाचरत म्हणाली, "तेव्हा हीच निघून गेली होती."

काका पायरीवर हळूच बसले. त्यांची इस्त्री पहिल्यांदाच चुरगळली.

"सोळा पानं," ते म्हणाले. "त्यात एक लढाईसुद्धा आहे."

"कोण जिंकलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आपणच."

मग काकांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. ते रडताहेत असं सगळ्यांना वाटलं. पण ते हसत होते, आधी नाकातून, मग पोट धरून. सर हसताना पुन्हा पाण्यात पडले.

"काका, ती तुमच्याकडेच राहू दे," कप्तान म्हणाली. "लढाई लढलीय तिने."

काकांनी डोळे पुसले, पेन काढलं, आधी परवान्यावर सही ठोकली आणि मग नवी पाटी लिहिली: 'फिन. काळ: दोन वर्षांपूर्वी. उपयोग: सरळ जाणे.' सरांनी ती तपासली आणि म्हणाले, या संग्रहालयातली ही पहिली निर्विवाद पाटी आहे.

मिस्त्रींनी फिन काढली. काकांनी ती मखमलीवर ठेवून पेटीला कुलूप लावलं.

"अहो, पण मी परत कसा जाऊ?" भाऊजींनी विचारलं. "दोन तासांपुरती द्या की."

"संग्रहालयातली वस्तू बेटाबाहेर नेता येत नाही," काका म्हणाले. "नियम आहे."

भाऊजींना दोरीने कप्तानच्या बोर्डामागे बांधून आणण्यात आलं.

निळ्या बोर्डाची स्वतःची फिन गाडीत मागच्या सीटवर सापडली. येताना भाऊजी तिच्यावर बसले होते.