गाडी साठच्या वर नको

"खाली उतरा आधी!"

माझं त्याच्याशी हे पहिलं वाक्य. प्रेमकथेला शोभत नाही, मला मान्य आहे. पण कडेवर रडणारं लेकरू, आत बाकीच्यांनी लावलेला सूर आणि समोर ती काळी, दांडगी एसयूव्ही... शोभेलसं काही सुचलंच नाही.

अमरावतीत आमच्या घरच्या पुढच्या खोलीत मी पाळणाघर चालवते. दुपारी लेकरांना निजवणं म्हणजे काय, ते निजवणाऱ्यालाच ठाऊक. आणि नेमकी त्याच वेळी ही गाडी गल्लीच्या तोंडाशी गुरगुरायची. तावदानं थरथरायची, मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या... की सगळी फौज जागी!

तो उतरला. उंच, सावळा, बाहीवर निळ्या रंगाचा डाग.

"काय झालं मॅडम?"

"हे झालं." मी लेकरू त्याच्या हातात दिलं. "तुमी उठवलं, तुमीच झोपवा."

"मले... मले नाई येत जी."

"एवढा आवाज करता येते, त गप करता बी आलं पाह्यजे!"

त्याचे कान लाल झाले. घाबरत घाबरत त्यानं पाठ थोपटली आणि ते लबाड लेकरू खरंच त्याच्या खांद्यावर झोपलं.

"सायलेन्सर फुटला काय तुमचा?" मी हळू आवाजात विचारलं.

"फुटला नाई. मुद्दाम लावला. परफॉर्मन्सवाला हाय."

"कोनाचा परफॉर्मन्स? आमचा त रोज होऊन राहिला."

तो हसला. एका गालाला खळी पडली. मी मुद्दाम पाहिली नाही हं... दिसली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी लांब मोठ्या रस्त्यावर उभी राहू लागली आणि तो चालत येऊ लागला. नाव संघपाल. घर अकोल्याला, नोकरी नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात, कापड रंगवायच्या खात्यात, सकाळच्या पाळीला, आणि राहायला आमच्याच गल्लीच्या टोकाला, भाड्याच्या खोलीत. खिडकीपाशी थांबून रोज तेच विचारायचा, "झोपले का सगळे?"

"झोपलेल्यायची चौकशी करता, का जागीची?"

"जागी हाय म्हनून त इचारून राहिलो..."

झालं! माझी झोप उडाली ती अशी.

तेव्हापासून लांबून गुरगुर ऐकू आली की धडधड, आता गल्ली काय म्हणेल? आणि वेळ टळूनही आली नाही की दुप्पट धडधड, रस्त्यात काही झालं तर नसेल? माणसाच्या प्रेमात पडावं ठीक आहे. त्याच्या सायलेन्सरकडे कान लावून बसायची वेळ येऊ नये कुणावर.

शेवटी बाबांना सांगितलं. माझे बाबा देवराव एसटीचे ड्रायव्हर होते, उभा जन्म धारणीच्या घाटात गेला. नाव ऐकल्याबरोबर म्हणाले, "तो फटफट्या? ज्याले रस्त्यावरच्या मानसाची पर्वा नाई, त्याच्या घरी मी पोरगी देत नाई."

मी दोन दिवस धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "अकोल्याले घर पाहाले जाऊ. राहाचं तुले हाय, त तू बी चाल. आन जाऊ त्याच्याच गाडीनं. पाहू दे मले."

संघपालचा चेहरा पांढरा पडला. मूळचा सायलेन्सर त्यानं हा लावला तेव्हाच भंगारात दिला होता, आणि आता मागवलेला साधा अजून आला नव्हता. दुसरी गाडी आणतो म्हणाला. बाबा ऐकायला तयार नाहीत.

रविवारी निघालो. आई गुडघ्यांमुळे घरी राहिली. बाबा पुढे, मी मागे, हातातल्या रुमालाचा बोळा झालेला. बडनेरा सुटल्यावर गाडीनं वेग घेतला आणि नव्वदच्या आसपास ती आतून अशी घुमायला लागली की दात हलावेत. बाबांचे ओठ हलत होते, शब्द काही पोचत नव्हता.

संघपालनं पटकन वेग कमी केला. "काका, साठच्या वर नाई घेत. साठनं बोलता येते."

मग काय! हमरस्त्यावर आमची हत्तीएवढी गाडी डाव्या बाजूनं रांगतेय, ट्रक पुढे जाताहेत, कापसाचा टेम्पोसुद्धा पुढे गेला... आणि बाबांची उलटतपासणी चालू. आई कशी, बहीण कुठे, दारू पितो का. मला घाम फुटलेला. आणि मग तो प्रश्न आलाच.

"हे धूड लावलं काहून?"

'खोटं सांग रे काहीतरी,' मी मनात म्हणत होते. 'गाडी घेतली तेव्हाच होतं म्हण.'

"लोकायनं वळून पाह्यलं पाह्यजे म्हनून, काका."

"पाह्यलं का मंग?"

"पाह्यलं. शिव्या देल्या. मांगं बसल्या ना, यायनं त सगळ्यात जास्त."

बाबा हसले नाहीत. मूर्तिजापूरला त्यांनी चहासाठी गाडी थांबवायला लावली. चहा पिऊन आले ते पुढे न बसता माझ्याशेजारी मागे येऊन बसले. संपलं, मला वाटलं. आता गाडी माघारी वळणार.

"आता घे जोरात," बाबा म्हणाले.

"काका, मंग आवाज..."

"घे म्हनलं ना!"

गाडी पुन्हा घुमायला लागली. बाबा माझ्या कानाशी वाकले. आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाबा आणि मी असं कधी बोललोच नाही. भिंतीला कान, शेजाऱ्यांना कान, शिवाय त्यांचा स्वभाव. त्या गदारोळात त्यांनी मला विचारलं, "ज्योत्स्ना, पोरगा खरं बोलते. घर कसंबी असो. मानूस आवडते का तुले? माह्यासाठी नको बोलू. खरं सांग."

माझे डोळे भरून आले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं बळ एकवटून सांगितलं, "हो बाबा. भल्ला आवडते!"

आरशात संघपालचे डोळे... काही ऐकू न आलेले, घाबरलेले. बिचारा!

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून गाडी कडेला घ्यायला लावली.

"ज्योत्स्ना, समोर जाऊन बस."

"मी? काहून बाबा?"

"पोरगी पह्यल्यांदा आपल्या घरी चालली. मांगं बसून जात असते काय?"

मी पुढे येऊन बसले. संघपालचा हात किल्लीवरच थांबला होता.

"काय म्हनले बाबा?" त्यानं ओठातल्या ओठात विचारलं.

"हो म्हनले."

"आन... तुमी?"

"मी त त्यायच्या आधीच म्हनलं," मी म्हटलं.