भरलेलं घर

मी स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. बूट बाहेर काढून! आमच्या दुकानात कुणी बूट काढत नाही.

"या की आत. देऊळ नाही हे," मी वरूनच म्हटलं.

तो माझ्याकडं बघतच राहिला. नाकाला ओढणी बांधलेली, केसांत जळमटं... बघण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

"घर भरायचंय," तो म्हणाला. "एका दिवसापुरतं."

क्रांती चौकाजवळचं, मी कामाला आहे ते दुकान घरसामान भाड्यानं देतं. सोफा, फ्रीज, कपाट, टीव्ही. नोकरीसाठी शहरात आलेली मुलं महिन्याच्या बोलीवर नेतात. एका दिवसासाठी घर भरणारा हा पहिलाच.

"पिक्चरचं शूटिंग आहे का?"

"नाय ओ, मॅडम. मुलीकडचे घर बघायला येणारेत, रविवारी. घर भरलेलं पाह्यजे, असा निरोप आलाय. आन् माझ्याकडं—" तो थांबला. "चटई हाय. आन् गॅस."

मला हसू आलं, आणि रागही आला. असल्या थापांचा मला मनस्वी तिटकारा. आमच्याकडंही माझ्यासाठी स्थळं बघणं चालूच होतं. बन्सीमामा आठवड्याला एक बायोडाटा आणायचा आणि मी तो न उघडताच परत करायचे. सगळे खोटंच लिहितात, मग वाचायचं कशाला? मी थेट घरी जाऊन माणूसच बघेन, असं मी आबांना सांगून टाकलं होतं.

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी स्टुलावरून उतरले.

पावती त्याच्या टेम्पोवाल्या मित्राच्या, साकिबच्या नाव-पत्त्यावर झाली. त्यामुळे याचं नाव-गाव मला कळलंच नाही. मी त्याला 'शेठ' म्हणायला लागले, चिडवायला. तो मात्र रोज संध्याकाळी हजर! कधी सोफ्याचा रंग, कधी पडद्याचा.

"निळा का मातकट? मुलीला कोणता आवडंल?"

"मला काय माहीत? तिलाच विचारा."

"तिलाच तर—" त्याला एकदम खोकला आला. "म्हणजे... तुम्हाला कोणता आवडला आसता?"

"मातकट. डाग दिसत नाहीत."

"मग मातकटच."

बुधवारी अवकाळी पाऊस कोसळला. मार्चचं ऊन क्षणात विझलं, रस्त्यावरची माणसं मिळेल त्या आडोशाला पळाली आणि दुकानात आम्ही दोघंच उरलो. वेळ घालवायला म्हणून मी त्याला श्रीमंतीचे धडे द्यायला बसले.

"कडेला काय बसताय, शेठ? रेला. सोफा तुमचा आहे."

"माझा नाय ना पर."

"म्हणूनच रेला! आणि सारखं फ्रीजकडं बघू नका. ज्याचा फ्रीज असतो तो बघत नाही. सोफ्यावरचं प्लास्टिक काढून टाका, ते आपल्यासारखे ठेवतात. आणि फ्रीज रिकामा नको. लोक उघडून बघतात."

"काय ठेवू?"

"द्राक्षं ठेवा."

"मुलीला द्राक्षं आवडतात?"

"मला आवडतात," मी बोलून बसले, आणि जीभ चावली.

तो हसला. डोळे बारीक करून, मान खाली घालून... मी उगाचच काचेचं टेबल पुसायला घेतलं. आधीच पुसलेलं होतं ते.

"खोटं उघडं पडलं तर?" मी पाठ फिरवूनच विचारलं.

"तर मुलगी जाईल."

"आणि नाही पडलं तर?"

त्यानं सोफ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तर मुलगी येईल आन् सोफा जाईल. कायतरी जाणारच, मॅडम."

सरळ सांगते, मला तो आवडायला लागला होता. फार. आणि मी त्याचं घर सजवत होते, कुण्या दुसरीसाठी! पडदे निवडताना मी त्या न पाहिलेल्या मुलीवर जळायचे, आणि पडदे मात्र मन लावून निवडायचे. माझंच मला कळेनासं झालं होतं.

रविवारी आबा, मामा आणि मी रिक्षातून उतरलो ते उस्मानपुऱ्यात. "मुलगा मूळ फुलंब्रीचा. अंगद. वाळूजला कंपनीत हाय," मामा जिना चढताना सांगत होता. माझं लक्ष कुठं होतं? या वेळी शेठकडं ती मुलगी पोचली असेल, एवढंच डोक्यात.

दार उघडलं. समोर तो.

मी त्याच्याकडं बघितलं. मग मागच्या मातकट सोफ्याकडं. मग पडद्यांकडं. क्षणभर वाटलं, चुकून दुकानातच आले की काय! काचेच्या टेबलावर द्राक्षांची ताटली. आणि तो... तो दचकला नव्हता. नुसता पांढराफटक पडून उभा होता. म्हणजे याला माहीत होतं? 'मुलीला काय आवडंल' हे तो मलाच विचारत होता? माझे कान तापले.

त्याची आई, पुतळाबाई, सोफा सोडून भिंतीला टेकून खाली बसली होती. आबा मात्र खूश. सगळा जन्म मेंढरांमागं रानात काढलेला माणूस, ते फ्रीजवरून हात फिरवत म्हणाले, "झाक हाय. माझ्या लेकीची भुईवर बसायची पाळी सरली."

मी गप्प राहिले तर सगळं जमत होतं. तोही मिळत होता. पण सोमवारी सकाळी दहाला सामान न्यायला टेम्पो येणार होता, आणि आबांचा तो आनंद सामानासोबत जाणार होता. बोलले तर आबा आत्ताच उठणार.

तेवढ्यात आबा वाकले. मेंढरू घेताना खूर बघतात ना, तसा त्यांनी सोफ्याचा पाय खालून बघितला. हिरव्या रंगाचा ठिपका. आमच्या दुकानाची खूण. मग खुर्ची उलटी केली. हिरवा. टेबल. हिरवा.

"एकाच धन्याची खूण हाय," ते शांतपणे म्हणाले. "कळप उसना दिसतो."

मामाला चहाचा ठसका लागला. अंगद उठला, पण त्याच्या आधी मीच बोलले.

"आबा, हे घर मी सजवलंय."

"तू? तुला ठावं व्हतं?"

"कुणासाठी, ते नव्हतं."

"त्यांचा काय दोष नाय," अंगद घाईनं म्हणाला. "मला ठावं व्हतं. ह्यांच्या बायोडाट्यात मॅनेजर लिवलं व्हतं, म्हणून खरं-खोटं बघायला दुकानात गेलो. स्टुलावर चढून ह्या पंखा पुसत होत्या. तवाच सांगायला पाह्यजे व्हतं. पर... सांगितलं आसतं तर रोज यायला मिळालं नसतं."

मामा छताकडं बघू लागला. 'मॅनेजर' त्यानंच लिहिलं होतं.

आबा हळूच सोफ्यावर बसले. अगदी कडेला.

"तुझा आजा माझं घर बघायला आला तवा म्या चाळीस मेंढरं शेजाऱ्याची आणून आपल्यात घातली व्हती," ते मला म्हणाले. "लगीन झालं, आन् दुसऱ्याच दिशी मेंढरांचा वाडा निम्मा रिकामा. तुझी आई कायबी बोलली नाय. पर आजबी म्या काय सांगितलं, की ती आधी दारात जाऊन बघून येती. लई लागतं ते." मग अंगदकडं वळून, "मी व्हयबी म्हणत नाय, नायबी म्हणत नाय. जिला नांदायचं तिला इचार."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी उठले आणि तडक दाराशी जाऊन चपला घालू लागले. तो मागोमाग आला.

"योगिनी..." नावानं पहिल्यांदाच. "लई रागावलात?"

"हो. कारण मला तुम्ही आवडता. या सोफ्याच्या आधीपासून आवडता. आणि तुम्ही माझ्याच हातानं माझ्या बापाला फसवायला निघालात. उद्या सगळं परत पाठवा. पुढच्या रविवारी मी पुन्हा घर बघायला येईन. जेवढं तुमचं, तेवढंच ठेवा."

"मग बघायला काय उरंल?"

"ते मी ठरवेन."

तो हसला नाही. नुसती मान हलवली, आणि त्याचे डोळे भरून आले.

जिन्याच्या वळणावर आबा कठडा धरून थांबले.

"खरंच येणार हाईस का परत?"

"हो, आबा."

"मग तुझ्या आईला संगं आण," ते म्हणाले. "मला फसवता येतं. तिला आता नाय."