शटरखालच्या चपला

पटो न पटो, हे घडलंय. सिंधुबाई माझी सख्खी मावशी, आणि ती खोटं बोलणारी बाई नाही.

गाव तलवाडा. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट.

मावशीचे मालक बन्सीकाका दुकानात जुन्या कॉम्प्युटरवर जाहिराती रेकॉर्ड करायचे. "नारायणगडच्या यात्रेला निघालेल्या मंडळींनी लक्ष द्या" हा रिक्षावरच्या भोंग्यातला आवाज त्यांचाच. रेकॉर्डिंग करताना ते शटर खाली ओढायचे. त्यांनी आतून "उघड" म्हटल्याशिवाय शटरला हात लावायचा नाही, हा घरचा नियम.

त्या शटरमागंच काका एका संध्याकाळी छातीत कळ येऊन गेले.

त्यांना आण्णा म्हणणारा मुलगा सतीश तेव्हा मांजरसुंब्याला होता. असं तो म्हणाला.

जलदान विधी झाला. मावशी रोज दिवेलागणीला दुकानात बसून काकांची जुनी रेकॉर्डिंग ऐकायची. तेवढाच काय तो आधार.

एक दिवस आवाज आलाच नाही.

"कावून बंद पडलं रं?"

"मीच बंद केलं, आई. त्याचं आतलं साऊंड खराब झालंय, नुसतं खरखरतंय. पार बायोसमधून, मशीनच्या मुळातूनच बंद केलंय. आता ते मुकं हाय."

मावशीनं पोरावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

दुसऱ्या दिवशी ती सवयीनं दुकानात गेली. कॉम्प्युटर चालू केला. स्पीकरची वायर सतीशनं काढून टेबलावर ठेवली होती...

आधी कॉम्प्युटरमधून बारीक गुणगुण आली.

मग... खोकला.

रेकॉर्डिंगच्या आधी काका खोकायचे, तसाच.

मावशीनं वायर हातात घेतली. सुटी होती.

"सत्या... उघड."

पत्र्यावर थाप पडली... मग दुसरी.

"सत्या, उघड रं. छातीत लई दुखतंय. तुजी चप्पल दिसती शटरखालून... जाऊ नको."

मग काहीच नाही.

मावशी वायर धरून तशीच बसली. थोड्या वेळानं सतीश आला.

"तू त्या सांजंला कुटं होतास?"

"मांजरसुंब्याला गेलतो. सांगितलं न्हाई का?"

"आन् हे मुकं हाय ना?"

"हाय. आता आण्णा किती बी हाका मारू देत, तुला ऐकू यायचं न्हाई."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मावशीनं हाकांचं नावही काढलं नव्हतं.

सतीशला ते कळलं.

"सकाळी भांडण झालतं आमचं. मला वाटलं, नाटक करत्यात."

"पोटच्या पोरानं केसानं गळा कापला माजा," एवढंच मावशी बोलली. त्याच रात्री ती बीडला आमच्याकडं आली, कॉम्प्युटर घेऊन. तो आमच्या माळ्यावर आहे. सगळ्या वायरी काढून ठेवल्यात. मी स्वतः काढल्या.

परवा सांजेला सतीश आला. दार आतून लावलेलं होतं.

"आई, उघड ना."

दाराखालच्या फटीतून त्याच्या चपला दिसत होत्या. मी उठलो, तर मावशीनं माझा हात धरला. ती काही जागची हलली नाही. बाहेर तो रडत होता.

आणि वर माळ्यावर...

कुणीतरी खोकलं.