पंचेचाळिसावं स्तोत्र, दहावं वचन

“‘थांबा, आणि देव मीच आहे हे ओळखा.’ हे तू मला लिहून देतोस? मला?”

अनुत्साने खिडकीतून चिठ्ठी अशी भिरकावली की ती तिमीच्या छातीवर आपटून खाली पडली. त्याने ती उचलली, झटकली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, “मी असं काही लिहिलेलंच नाही.”

“अक्षर तुझं आहे. स्तोत्र पंचेचाळीस, वचन दहा. खाली ‘उत्तराची वाट बघतो.’ काय उत्तर देऊ? बरं देवा, थांबले देवा?”

तिमीच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी दोन कोव्रिग मागितले. अनुत्साने पावाची दोन गरम गोल कडी कागदात गुंडाळली, न बघता पुढे केली. नजर तिमीवरच. चार वाजायला दहा मिनिटं होती. सव्वाचारला बुखारेस्टची बस. त्या बसने हा शहाणा चार वर्षांसाठी जाणार होता, धर्मशास्त्र शिकायला. आणि जाता जाता काय ठेवून गेला, तर हे.

बेयुश गावाच्या बसथांब्यासमोरच अनुत्साची खिडकी. दहावीत शाळेला रामराम ठोकला, तेव्हापासून चार वर्षं ती इथे तिळाची खारी कडी विकतेय. मार्चमधल्या एका गुरुवारी बर्फाचं पाणी कोसळत होतं, आणि हा लांबडा मुलगा धावत येऊन तिच्या छपराखाली शिरला. तेवढ्यात त्याच्या पिशवीचा पट्टा तुटला, आणि विटेएवढं जाड पुस्तक थेट चिखलात. त्याचं तोंड असं झालं की जणू तान्हं पोर पडलंय. तिला हसू आलं… मग दया आली. तिने पुस्तक आत घेतलं, भट्टीशेजारी उघडं धरलं आणि एकेक पान वाळवलं. वाळवता वाळवता वाचलं. एका ओळीवर चार पानं लिहिली होती.

“इतकं काय लिहायचं?” तिने विचारलं. “ओळ तर सरळ आहे.”

“सरळ दिसते,” तो म्हणाला. आणि बस चुकली.

त्यानंतर दर गुरुवारी तो नवं भाष्य घेऊन यायचा. म्हाताऱ्या पास्टरकडून एकेक खंड वाचायला आणायचा, आणि बस येईपर्यंत दोघं एखाद्या वचनावर भांडायची. तो बाप्टिस्ट, गावात ज्यांना ‘पश्चात्तापवाले’ म्हणून चिडवतात त्यांच्यातला. ती ऑर्थोडॉक्स, चर्चमध्ये गाणाऱ्याची मुलगी. तिला वचनं आवडायची. त्याचं एकच आवडायचं नाही. साधं ‘कडं खारट आहे का’ विचारलं तरी म्हणायचा, यावर दोन मतं आहेत. सहा महिन्यांत स्वतःचं मत म्हणून एकही सांगितलं नव्हतं. आणि ती वाट बघत होती, मूर्खासारखी, एकाच मताची.

परवा कड्याच्या पैशांसोबत चिठ्ठी सरकवून तो पळाला. तिने घरी जाऊन हात धुतले, देवाच्या चित्राखालचं ताताचं, म्हणजे बापाचं, बायबल काढलं, दार लावून घेतलं. आणि आत काय? गप्प बस, देव मी आहे.

“दाखव,” तिमी म्हणाला.

तिने टॉवेलात गुंडाळून आणलेलं ताताचं बायबल खिडकीच्या फळीवर ठेवलं. तिमीने वाचलं. पुन्हा वाचलं. मग पिशवीतून स्वतःचं बायबल काढून शेजारी उघडलं, आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. त्याने जाड भाष्य काढलं, पहिलं पान उघडलं आणि पेन्सिलने अधोरेखित केलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

तुमच्याकडे नववं आणि दहावं स्तोत्र मिळून एकच धरतात, तो हळू आवाजात सांगू लागला. त्यामुळे तिथून पुढे तुमचा आकडा एकाने मागे. माझं पंचेचाळीस म्हणजे तुझं चव्वेचाळीस.

“अधोरेखित कोणी केलं?”

“मी.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“…होतं.”

अनुत्साने कपाळावर हात मारला, तोही पिठाचा. दोन रात्री ती झोपली नव्हती. भट्टीत सकाळी एक घाणा जाळला, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. एका आकड्यासाठी.

तिने तिमीचं बायबल आपल्याकडे ओढलं. ऐक मुली, कान दे. आपली माणसं विसर, बापाचं घर विसर. खालच्या ओळीत, मग राजाला तुझ्या रूपाची ओढ लागेल.

कान तापले. भट्टीमुळे असेल.

“राजा कोण? तू?” ती म्हणाली. “सदऱ्याचं बटण तुटलंय राजाचं.”

“काही भाष्यकारांच्या मते राजा म्हणजे…”

“तिमी.”

त्याने भाष्य मिटलं.

“आणि बापाचं घर मी का विसरू? माझा ताता दर लग्नात चर्चमध्ये बायबलातलं पत्र वाचतो. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात सराव करतो, मला तोंडपाठ झालंय. पुरुष आपल्या आईबापांना सोडून बायकोला जडून राहील. इफिसकरांस, पाच, एकतीस. आकडा दोन्हीकडे सारखाच आहे, बघ हवं तर.”

त्याने बघितलं नाही. ते पत्र त्यालाही पाठ होतं. पण शेवटी काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या लग्नांत ते होत नाही. ताता शेवटचं वाक्य म्हणतो, बायकोने नवऱ्याचा धाक बाळगावा… आणि नेमकं तेव्हा नवरी नवऱ्याच्या पायावर पाय देते. सगळं चर्च हसतं. ताता पुस्तकाआड हसतो.

बस लागली. ड्रायव्हर खाली उतरून सामान आत टाकू लागला.

“आता आकडा न देता सांग,” अनुत्सा म्हणाली. “कोण काय म्हणतं ते नको.”

तिमीने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदी उघडे दिसत होते, धुतल्यासारखे.

“मला तुझ्याशी लग्न करायचंय,” तो म्हणाला. “चार वर्षांनी. तू… थांबशील? बापाचं घर नको विसरूस. नाताळच्या सुट्टीत मीच येईन तिथे. तुझ्या ताताशी बोलायला.”

“तो तुला आधी चर्चची घंटा बडवायला लावेल.”

“बडवेन.”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. अनुत्सा पिठाच्या एप्रनसकट बाजूच्या दाराने बाहेर आली. त्याच्या अगदी समोर उभी राहिली. उजवा पाय उचलला आणि त्याच्या बुटावर ठेवला, चांगला दाबून.

कडी घेऊन अजून तिथेच रेंगाळणाऱ्या बाई हसल्या आणि घाईघाईने क्रूसाची खूण केली. ड्रायव्हर म्हणाला, “गेला बिचारा.”

तिमी एकदा बुटाकडे बघे, एकदा तिच्याकडे. “हे… याचा अर्थ काय?”

“शोध,” ती म्हणाली. “तुझ्या एकाही पुस्तकात सापडणार नाही.”

त्याने बाईंकडे बघितलं, मग ड्रायव्हरकडे. दोघांच्या चेहऱ्यावर तेच हसू. आणि हळूहळू, कोणाचंही मत न घेता, त्याला कळलं.

तिने पाय काढला नव्हता.

“अनुत्सा,” तो म्हणाला, “मला आता निघायला हवं.”