कुशीचा तक्ता

भाड्याचा पलंग परत न्यायला माणूस संध्याकाळी सहाला येणार होता, म्हणून सिस्टर लेकीच्या घरून जेवून निघाल्या आणि दीडच्या सुमारास आपल्या इमारतीपाशी पोहोचल्या. नवरा जाऊन बावीस दिवस झाले होते. तेव्हापासून त्यांचं घर बंद होतं. नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी इमारतीतले सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नवरा तर लाडात आला की ‘मोठ्या सिस्टर’ म्हणायचा.

सकाळी ऑफिसला जाताना लेकीने बजावलं होतं, "आई, मी ऑफिसातून थेट तिकडेच येते. एकटीने उचलाउचल करू नकोस."

"नाही गं बाई. पलंग काय डोक्यावर घेऊन येणार आहे मी?"

हसून बोलल्या खऱ्या, पण लवकर निघायचं कारण त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला होता. लेकीची नजर पडायच्या आत तो त्यांना काढून टाकायचा होता.

खालच्या मजल्यावरचे म्हातारे मास्तर दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"काय सिस्टर, आज दर्शन दिलंत! वर असून भेटत नाही म्हणजे कमाल झाली."

"मी कुठे वर होते मास्तर? लेकीकडे होते. घराला कुलूप आहे."

"करा, करा म्हाताऱ्याची चेष्टा. अहो, माझं घड्याळ कधीचं बंद पडलंय. तुमचा पलंग वाजला की मी चहाचं आधण ठेवतो. दोनला कर्रर्र, चारला कर्रर्र. सहा वर्षं ऐकतोय. कालही वाजला की."

 जिना चढताना सिस्टरांनी कठडा घट्ट धरला.

तो आवाज कुठला, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला, त्या दिवसापासून दर दोन तासांनी त्या त्याची कूस बदलत. अंथरुणाला खिळलेला माणूस एकाच अंगावर पडून राहिला की कातडी सोलवटते, जखमा होतात. चौतीस वर्षं वॉर्डात त्यांनी हेच केलं होतं. एक गुडघा पलंगावर टेकवायचा, खांद्याला आणि कमरेला हात घालायचा, आणि एक, दोन, तीन. त्या तिनाला पलंग वाजायचा. मग पाठीशी चादरीची गुंडाळी, गुडघ्यांमध्ये उशी, आणि कान दाबला जाऊ नये म्हणून कानाखाली रुमालाची चुंबळ. ही चुंबळ त्यांच्या डोक्यातून निघालेली. दुसरं कुणी तसं करत नसे. शेवटी तक्त्याच्या त्या दिवसाच्या पानावर वेळ आणि कूस लिहायची: डावी, उजवी, पाठ. रोगी दगावला की शेवटच्या रकान्यात ‘सरळ’ एवढंच लिहायचं. नातेवाईक तक्ता वाचतात, त्यांच्या डोळ्यांना तो दुसरा शब्द नको, म्हणून वॉर्डात ही रीत पडलेली.

नवीन पोरींना त्या एकच गोष्ट शिकवत. "कूस द्यायची राहिली, तर ‘दिली नाही’ असं लिहा आणि खाली सही करा. मी रागावेन आणि विसरून जाईन. पण न दिलेली दिली म्हणून लिहिलीत, तर माझ्या वॉर्डात उभी करणार नाही." दुसरा एक अभिमान त्या मनातच ठेवत. त्यांच्या पाळीत कुणी माणूस एकटा गेला नव्हता. कुणाचं कुणी नसलं, तर त्या स्वतः हात धरून बसत.

या नादात घराकडे बघायचं राहून गेलं, हे त्यांना कळत होतं. लेकीच्या वेण्या नवऱ्याने घातल्या, तापात रात्री जागला तोच. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. टर्पेंटाइनच्या वासाच्या हातांनी पोरीला भरवायचा, आणि सिस्टर उशिरा आल्या की म्हणायचा, "जगाची सेवा झाली? आता जेवा, मोठ्या सिस्टर." त्याचं अक्षर असं की लोक पाटी बघायला थांबत. ‘ड’च्या शेपटीला एक छोटा वळसा द्यायचा, ती त्याची खूण. झटका आला आणि तो हात गेला. वाचाही गेली. एक ‘ए’ तेवढा उरला होता.

तो गेला त्या दिवशी दुपारी बाराला त्यांनी त्याला पाठीवर निजवलं आणि शेजारच्या खोलीत जरा आडव्या झाल्या. त्याच्या तापामुळे चार रात्रींची झोप राहिली होती. जाग आली तेव्हा पाच वाजले होते. तो गार पडला होता, मान दाराकडे वळलेली.

हाका मारल्या असतील का त्याने? किती वेळ?

त्यांनी त्याला सरळ केलं. मग पेन्सिल घेतली आणि दोनच्या रकान्यात ‘डावी’, चारच्या रकान्यात ‘उजवी’ असं लिहून टाकलं. हात सवयीने चालला. लेक आली तेव्हा म्हणाल्या, "आत्ताच कूस दिली होती गं. मी जवळच होते. झोपेत गेले." लेकीने तक्ता वाचला आणि गळ्यात पडून रडली. म्हणाली, "तू होतीस, तेवढं बरं झालं."

कुलूप उघडून सिस्टर आत आल्या. बंद घराचा कुबट वास होताच, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. टर्पेंटाइनचा. रंगाचे डबे तर सहा वर्षांपूर्वीच देऊन टाकले होते...

पलंगावर चादर नव्हती. गादीत खळगा पडलेला होता. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. मधोमध नाही, एका बाजूला होता. खांद्याचा, कमरेचा, दुमडलेल्या गुडघ्याचा. उजव्या कुशीचा खळगा. शेवटचं तर त्यांनी त्याला सरळ निजवलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते. त्या श्वास रोखून उभ्या राहिल्या.

कर्रर्र...

उजवीकडचा खळगा हळूहळू भरून आला आणि डावीकडची गादी दबत गेली. खाली मास्तरांच्या स्टोव्हचा आवाज सुरू झाला.

सिस्टर पळाल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"अहो..." त्या खळग्याकडे बघत म्हणाल्या. "मी झोपले होते हो. दोनदा कूस चुकली. आणि वर खोटं लिहिलं. पोरीशीही खोटं बोलले."

 तक्ता फाडायला आलेल्या सिस्टरांनी तो मांडीवर घेतला. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीच्या मागच्या रबराने त्यांनी ‘डावी’ आणि ‘उजवी’ खोडलं. दोन्ही रकान्यांत ‘दिली नाही’ लिहिलं. खाली पूर्ण सही केली आणि तक्ता परत जागेवर टांगला. लेक आली की वाचेल. मग काय बोलायचं ते बोलेल.

बावीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे जड झाले. त्या तिथेच, त्या खळग्याशेजारी, पाठीवर कलंडल्या.

जाग आली ती कसल्याशा उबेने. त्या उजव्या कुशीवर होत्या. पाठीशी काहीतरी मऊ होतं. हात मागे नेला. चादरीची गुंडाळी. गुडघ्यांमध्ये उशी. चादर आणि उशी तर कपाटात होत्या, आणि कपाटाची किल्ली लेकीकडे... त्यांनी हळूच कानाखाली चाचपलं. तिथे त्यांच्याच रुमालाची चुंबळ होती, बोटांनी नीट वळलेली.

पायथ्याशी तक्ता दिसत होता. जुनं पान मागे टाकून नवीन पान वर घेतलेलं, त्यावर आजची तारीख. पेन्सिलीची अक्षरं होती, पण अशी टपोरी की रस्त्यापलीकडून वाचता यावीत.

दोन — डावी.

‘ड’च्या शेपटीला छोटा वळसा होता. सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात बरा झाला होता त्याचा.

चार — उजवी.

"राग नाही ना आला तुम्हाला?" त्या पुटपुटल्या. कपाळावरची बट कुणीतरी मागे सारल्यासारखी वाटली. टर्पेंटाइनचा वास अगदी जवळ आला.

मग त्यांची नजर तिसऱ्या रकान्यावर गेली. तोही भरलेला होता.

सहा — सरळ.

घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती. खालून लेकीचा आवाज आला, मास्तरांशी काहीतरी हसून बोलत होती. सिस्टरांनी हाक मारायला तोंड उघडलं. नुसता ‘ए’ एवढाच आवाज निघाला.

पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या. दोरीला बांधलेली पेन्सिल मात्र, कुणी नुकतीच हातातून सोडावी तशी, झुलत होती... आणि त्यांच्या उजव्या हाताला कुणाचीतरी बोटं घट्ट धरून बसली होती.